कांस्याने जपलेले श्वास

दक्षिण इटलीतल्या एका डोंगरी गावच्या संग्रहालयात, मागच्या छोट्या प्रयोगशाळेत, धातुतज्ज्ञ वैजयंती गद्रेने एका प्राचीन योद्ध्याचे चिलखत आपल्या यंत्राखाली ठेवले. कांस्याच्या तीन गोल तबकड्या, वर दोन आणि खाली एक, एकमेकींना जोडलेल्या. खालच्या तबकडीवर भाल्याने पाडलेले भोक होते आणि त्यावर जाड ठिगळ.

"याच घावाने तो गेला, असं गाव मानतं," संग्रहालयाच्या प्रमुख फाब्रित्सियाबाई म्हणाल्या. "थडग्यात राखच सापडली. भोक बुजवलं ते मानाने निरोप द्यायचा म्हणून. आम्ही दरवर्षी त्याचा शोक पाळतो. तुमचं यंत्र नेमकं काय वाचतं?"

"धातू बारीक स्फटिकांचा असतो," वैजयंती म्हणाली. "छाती फुगली की पट्टे ताणले जातात, तबकडी किंचित वाकते आणि स्फटिक केसाच्या जाडीहूनही कमी सरकतात. श्वासामागून श्वास अशा खुणा साठत जातात. आम्ही त्याला ताणस्मृती म्हणतो. धातू लाल होईपर्यंत तापला, तरच ती पुसली जाते. पाटी कोरी होते."

एक गोष्ट तिने सांगितली नाही. मागे एका दुसऱ्या चिलखतावर तिने अर्ध्यातच तुटलेला श्वास वाचला होता. त्यानंतर कितीतरी दिवस तिला यंत्राजवळ जाववत नव्हते. आज पुन्हा तेच पाहावे लागणार, अशी तिने मनाची तयारी केली होती.

तिने खालची तबकडी वाचायला घेतली. पडद्यावर रेघा उमटू लागल्या. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "भाल्याच्या आघाताची खूणच नाही."

"भोक तर समोर दिसतंय."

"दिसतंय. पण ठिगळ बसवताना कारागिराने ही तबकडी सुटी करून भट्टीत घातली असणार. त्याआधीचं सगळं पुसलं गेलं." बोलता बोलता ती थांबली. "बाई, मग या रेघा कसल्या? ही तबकडी श्वासांनी भरलेली आहे. हे सगळं ठिगळानंतरचं आहे."

"दुसऱ्या कुणी घातलं असेल."

ही शंका रास्त होती. वैजयंतीने वरच्या तबकड्या तपासल्या. त्या भट्टीत गेल्याच नव्हत्या. तिथे आघाताचा हिसका स्पष्ट होता. त्याच्या आधीही आणि नंतरही उजवी बाजू जराशी मागे राहून फुगणारी तीच छाती होती. पुढे पुढे ती रुंदावत गेली होती, पट्टे करकचून ताणले जाऊ लागले होते.

"जाडा झाला होता," वैजयंती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "शेवटचा श्वासही पुरा आहे. पट्टे सावकाश सैल केलेत. त्याने चिलखत स्वतः उतरवलं आणि पुन्हा घातलंच नाही."

शोकाच्या दिवशी चौकात फाब्रित्सियाबाईंनी हे सारे सांगितले. काळ्या कपड्यांतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "म्हणजे राखेचा धनी अंथरुणात गेला?"

"बहुधा. भरल्या वयात."

"आणि त्याआधी इथेच राहिला, संसार केला?"

"थडगं इथेच आहे, म्हणजे राहिला इथेच. संसारही केला असणार."

म्हातारा सभोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "मग अकाली गेला म्हणून त्याला रडायचं कशाला? आपण तर त्याचीच मुलंबाळं आहोत."