तिला हिरवं चालत नाही

मी खोटं लिहीत नाही. रोज सकाळी ज्या देवापुढं निरांजन लावते, त्याला स्मरून सांगते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, पाऊण वाजता, नगरच्या गजबजलेल्या सावेडीत.

श्रावणातला दुसरा रविवार होता.

माझी मुलगी पंकजा बँकेत आहे. तिला पाथर्डीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कल्याण, एमआयडीसीत इंजिनिअर. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा सगळ्यांना पसंत पडला. पंकजा म्हणाली, "एकदा त्याच्याबरोबर बाहेर जेवते, मग हो म्हणते. तूही चल, आई." संध्याकाळी होकार कळवायचा होता.

ते नवं जपानी हॉटेल कल्याणनंच सुचवलं. लहानसंच. कागदी कंदील, लाकडी टेबलं, आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न.

आम्ही तिघं बसलो.

वाढणाऱ्यानं ताटल्या मांडल्या... चार.

"एक जास्त झाली," पंकजा म्हणाली.

"त्या मॅडम हात धुवायला गेल्यात ना? आत येताना चौघं दिसले तुमी."

"राहू दे, राहू दे," कल्याण घाईघाईनं म्हणाला.

ताटली राहिली. त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं, बरोबर माझ्या समोर.

चातुर्मासात मी मौनानं जेवते. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. अकरा वर्षं हा नेम मोडलेला नाही. कांदा-लसूण नको म्हणून मी साधा भात आणि काकडी मागवली.

"आई, या काड्यांनी खायचं," पंकजा चिडवायला लागली. "नाहीतर उदबत्ती समजून पेटवशील!"

"हातानं खाते गं बाई," मी म्हटलं. त्यानंतर माझं तोंड बंद.

रोजच्यासारखा गाईचा घास काढला. ठेवू कुठं? समोरची ताटली रिकामीच होती. मी भाताचा मुटका तिच्यात ठेवला.

तिथंच माझं चुकलं. माणूस नसताना पान मांडायचं आणि त्यावर भात ठेवायचा... हे आपण कधी आणि कुणासाठी करतो, हे मला कळायला हवं होतं.

ती दोघं गप्पांत रंगली होती.

आधी बांगड्या वाजल्या... काचेच्या.

पंकजाच्या हातात फक्त घड्याळ होतं. माझा हात ताटलीवर स्थिर होता.

मग समोरची खुर्ची किंचित पुढं सरकली... जेवायला बसताना आपण ओढून घेतो तशी.

मी ताटलीत पाहिलं.

मुटका अर्धाच उरला होता.

मी पंकजाला कोपरानं ढोसलं.

"काय गं? मीठ हवंय?"

मी डोळ्यांनी समोर खुणावलं.

"आई, खाणाखुणा नंतर कर ना."

तेवढ्यात वाढणारा तिथली जपानी हिरवी तिखट चटणी घेऊन आला. पंकजाला वाढली, कल्याणला वाढली, माझ्याही ताटलीत ठेवली. मग चौथीकडं वळला.

कल्याण बोलण्याच्या नादात, वर न बघताच म्हणाला,

"तिथं नको. तिला हिरवं चालत नाही."

पंकजा थांबली. "कुणाला?"

"अं? काकूंना म्हणालो मी. त्यांचं व्रत आहे ना."

काकूंना. त्यांना.

पण मघाशी तो 'तिला' म्हणाला होता. आल्या आल्या वाकून पाया पडणारा मुलगा होणाऱ्या सासूला 'तिला' म्हणेल? आणि माझ्या ताटलीत चटणी पडली, तेव्हा तर तो काहीच बोलला नव्हता.

'तिला' आपण कुणाला म्हणतो? घरातल्या बाईला.

पंकजाला मात्र ते पटलं. ती हसली, तिनं मोबाईल काढला. "बाबांना आत्ताच सांगून टाकते. आमचं ठरलं."

मी मनात देवाची क्षमा मागितली. तोंडातला घास गिळला. अकरा वर्षांनी जेवणाच्या पानावर बोलले.

"कल्याणराव... ती कोण?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. शेजारी मान न वळवता, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

"काकू... तुम्हालाही दिसली?"

समोरची ताटली स्वच्छ होती. एक शीतही नव्हतं.

आम्ही नकार कळवला. पंकजा महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. "एका शब्दापायी चांगलं स्थळ घालवलंस," म्हणायची. मी चार ठिकाणी चौकशी केली. आधीचं लग्न नाही. घरात कुणी अवेळी गेलेलं नाही. एकुलता एक मुलगा, ना भाऊ ना बहीण, सगळे चांगलंच सांगतात. मीच एखाद्या निर्दोष पोरावर आळ घेतला की काय, असं वाटायचं.

मग कार्तिकात घोडेगावहून आमच्या ओळखीच्या रोहिणीबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, पूजाचं, कल्याणशी जमत होतं.

"पोरगा कसा हाय, ताई?"

काय सांगणार? मी एवढंच विचारलं, "बघायला आले तेव्हा सोबत कोण होतं?"

"आईबाप. आन् बहीन. लई गरीब बगा, एक सबूद बोलली न्हाई. पर जाताना आमच्या पूजाचा हात काय सोडंना!"



"रोहिणीबाई... त्याला बहीण नाही."

 मग त्या एकदम फणकारल्या. "स्थळ मोडायचंय व्हय तुमाला?" आणि फोन ठेवून दिला.

लग्न मार्गशीर्षात आहे. आज आठ दिवस मी तो नंबर लावतेय.

रोज कुणीतरी उचलतं...

बोलत मात्र नाही.