भुकेलं पाखरू

पायी सफारीत सगळ्यात मागे चहाची टोपली घेऊन चालते ती मी. पुढे बंदूक घेतलेला माझा नवरा कासिमो, मध्ये पाहुणे, मागे मी आणि किटली. लग्नानंतर आम्हा दोघांचं एकत्र फिरणं काय ते एवढंच, आणि तेही मध्ये परकी माणसं ठेवून.

त्या आठवड्यात लुजेंदा नदीकाठच्या तळावर पोर्तुगालचं एक वयस्क जोडपं उतरलं होतं. दोना ग्रासा आणि तिचा नवरा. हत्ती बघून झाले होते, आता त्यांना सेगो हवा होता. सेगो म्हणजे मध दाखवणारं पाखरू. आपण ‘ब्रर्र... हम्’ अशी साद घालायची. ते चिवचिवत पुढच्या झाडावर जातं, वळून बघतं, आपण येतोय ना याची खात्री करतं, मग पुढचं झाड. शेवटी पोळं. मध आपला, मेण त्याचं.

पहिल्या दिवशी मध मिळाला. दोना ग्रासाने कोपरापर्यंत हात चिकट करून घेतले. कासिमोने मात्र मेणाचा तुकडा पानावर ठेवला नाही. खड्डा करून पुरला आणि वरून माती दाबली.

संध्याकाळी आमादे मामांनी विचारलं, पाखराला काय दिलंस. आमच्याकडे नवरा बायकोच्या घरी राहायला येतो आणि त्या घरात शब्द मामाचा चालतो. कासिमो हसला. पोट भरलं तर ते उद्या कशाला येईल, म्हणाला. पाहुणे तर उद्याही आहेत.

मामा हसले नाहीत. “भुकेलं पाखरू येतं की, जावईबापू. फक्त मधाकडे नेत नाही.”

“मग कुठे नेतं?”

मामांनी तपकीर झटकली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तर ते साद घालायच्या आधीच आलेलं. चिवचिवाट नेहमीचाच, पण घाईचा. वाटेतल्या गोरखचिंचेच्या ढोलीत मधमाश्यांची ये-जा मला मागूनसुद्धा दिसली. पाखरू तिथे थांबलं नाही. कासिमोची मान एकदा तिकडे वळली आणि पुन्हा सरळ झाली. पाहुण्यांना काय कळणार. दोना ग्रासाचा नवरा फोटो काढत राहिला.

पुढे गवत डोक्याएवढं झालं. किड्यांची किरकिर थांबली. ऊन लख्ख होतं, तरी माझ्या दंडावर काटा आला. आणि वास यायला लागला... वितळलेल्या मेणाचा. कुठे धूर नाही, जाळ नाही.

कासिमोने साद घातली. “ब्रर्र... हम्.”

पुढच्या गवतातून उत्तर आलं. “ब्रर्र... हम्.”

ही साद पाखराची नसते, माणसाची असते. बाप मुलाला शिकवतो, म्हणून ज्याची त्याची वेगळी. कासिमोची शेवटी जराशी फाटते, मडक्याला चीर गेल्यासारखी. गवतातली तशीच फाटली.

“गावचं कुणीतरी असेल,” तो म्हणाला. मागे न बघता.

“गावच्या माणसाला तुझा आवाज कुठून आला?” मी हळूच विचारलं.

त्याने खांद्यावरची बंदूक काढली आणि झाडाला टेकवून ठेवली. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावावी, तशी. आणि चालू लागला. पाहुण्यांसाठी थांबला नाही, पावलं बघून टाकली नाहीत. मी हाक मारली. एकदा... दुसऱ्यांदा. पुढून ‘हम्’ आलं, अगदी जवळून, आणि तो त्या आवाजाकडे वळला.

धावून धरला असता तर तो हिसडा देऊन गेला असता. म्हणून मी किटली दगडावर आपटली, पोट धरलं आणि खाली बसले. दोना ग्रासाला तीन लेकी. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती कासिमोवर अशी कडाडली की मी प्रत्यक्षात आजारी असते तरी उठून उभी राहिले असते.

“बायको पोटुशी आहे आणि तू पाखरामागे हिंडतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?”

तो थांबला. झोपेतून उठवल्यासारखा वळला. त्याच्या मागचं गवत जरा वेळ तसंच वाकलेलं राहिलं, मग सावकाश उभं झालं.

बंदूक कधी ठेवली ते त्याला आजही आठवत नाही. माझ्या पोटाची बातमी मात्र आमच्याआधी गावात पोहोचली. आई अजून बोटांवर महिने मोजते आहे. खोटं होतं हे सांगायला माझी जीभ अजून रेटलेली नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या सकाळी अख्खं पोळं पानावर घेऊन ते गवतातल्या त्या जागी ठेवून आले. ते तसंच्या तसं पडून आहे. त्याला मुंग्यासुद्धा लागलेल्या नाहीत.

पाहुणे गेले. कासिमो तळावर जात नाही, छपराचं गवत बदलतो. मी त्याच्यावर डोळा ठेवून मका कांडते.

पाखरू परवा शेतापलीकडे दिसलं. काल ते आंब्यावर होतं. आज आमच्या कुंपणावर बसलंय. ते आमच्याकडे बघत नाही. रानाकडे तोंड करून चिवचिवतं, थांबतं, वाट बघतं आणि कुंपणाची एक काठी अलीकडे येतं. कुणीतरी मागून येतंय ना, याची खात्री करत.