तीन दिवसांचं कातडं

मार्च लागला की अल्बी टेकडीवरच राहायला जायचा. मेंढ्या विण्याचे दिवस. चाकांवरच्या लाकडी खोपटात एक शेगडी, एक कंदील आणि तो. खाली घरात त्याची बायको विनी आणि त्यांची चार महिन्यांची टिल्डा. शेजार म्हणावा तर मैलभर नांगरट आणि कावळे. बोलायला माणूस नाही म्हणून विनी किटलीशी बोलायची.

त्या दुपारी ती नेहमीसारखी त्याचं जेवण घेऊन वर गेली. टोपलीत पाव, चीज, कांदा आणि मोज्यात गुंडाळलेली चहाची बाटली. कडेवर टिल्डा. तिच्या अंगात विनीनेच विणलेलं पिवळं जाकीट, पुढे तीन बटणं.

अल्बी मेलेलं कोकरू सोलत होता. मोजा काढावा तसं त्याने कातडं ओढून काढलं आणि दुसऱ्या, जिवंत कोकराच्या अंगात चढवलं.

"शी! हे काय रे?"

"या मेंढीचं कोकरू मेलं, आणि याची आई मेली. आता ही वास घेईल आणि म्हणेल, माझंच."

मेंढीने हुंगलं. कोकरू लुचायला लागलं.

"फसली बिचारी," विनी म्हणाली.

"तीन दिवस कातडं ठेवायचं. तोवर तिचं दूध पिऊन त्यालाच तिचा वास येतो."

"बायकांना फसवणं बरं जमतं तुला."

"एक तर घरीच आणलीय ना!" तो हसला. मग आभाळाकडे बघून म्हणाला, "धुकं उतरतंय गं. बांधाच्या बाहेरून जा. कड्यात शिरू नको."

जुनं कडं म्हणजे माथ्यावरचा गोल मातीचा बांध आणि आतून बुजत आलेला खंदक. रोमन लोकांच्या वेळचं, कुणी म्हणे त्याहूनही आधीचं. आत गवत हिरवंगार, पण मेंढी तिथे तोंड लावायची नाही. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या मास्तरांनी तो खंदक खणला, तर तान्ह्या बाळांची हाडं निघाली. एकेक, ओळीने, बांधाला टेकवून निजवलेली. मास्तरांनी ती बिस्किटांच्या डब्यातून नेली. विनी तेव्हा पोटुशी होती. अल्बीने सांगितलं नाही, पण तिला कळलंच.

परतीच्या वाटेला लागताच धुक्याने सगळं गिळलं. विनी चाचपडत चालली. पुढे कामट्यांची ताटी आडवी आली. वाटेवरचीच असेल, असं तिला वाटलं. ओलाव्याने जड झालेली, एका हाताने हलेना. तिने टिल्डाला शालीवर, गवतात ठेवलं. दोन्ही हातांनी ताटी सरकवली. एवढंच. मागे वळली तर शाल होती, टिल्डा नव्हती.

"टिल्डा...?"

रडणं ऐकू आलं. समोरून, खालून. ती धावली आणि खंदकात घसरली, तेव्हा तिला कळलं आपण कुठे आहोत. आता रडणं डावीकडून आलं. मग पलीकडून. मग अगदी मागून. एक बाळ इतक्या ठिकाणी कसं रडेल? ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास सुटला होता. आणि कुणीतरी हळूच म्हणत होतं, "श्श... श्श..."

मग सगळं गप्प.

पायाशी पिवळं काहीतरी दिसलं. टिल्डा. डोळे उघडे, आवाज नाही. विनीने तिला उचललं आणि घर येईपर्यंत थांबली नाही.

घरी दिव्याशी तिने पाहिलं. जाकीट उलटं घातलेलं होतं, बटणं पाठीवर. ज्याने घातलं त्याला बटणं कशाला असतात ते ठाऊक नसावं, तसं.

बाळ प्यायलं, आजवर प्यायलं नव्हतं इतकं. तेच नाक, तीच हनुवटी. पण टाळूला नेहमीचा वास येईना. बंद तळघराचा यावा तसा गार मातीचा वास तेवढा. आपल्या टिल्डाचा वास होता तो फक्त जाकिटाला. विनीने ते काढलंच नाही.

तिसऱ्या दिवशी अल्बी कोरडे मोजे न्यायला आला.

"कशी माझी राणी? जाकीट धू की गं, आंबट वास मारतोय."

"उद्या धुते... अल्बी, मेंढीला कधी कळतं का रे?"

"काय?"

"की ते तिचं नाही."

"तीन दिवसांनी? छे."

"आणि तिचं मेलंच नसेल तर? बाहेर कुठे ओरडत असेल तर?"

"मग मेंढी ताटी मोडून जाईल," तो म्हणाला आणि निघालाही.

विनीने जाकीट काढलं. बाळाची टाळू हुंगली. दुधाचा गोड वास आला, तिच्याच दुधाचा. तिला रडू आलं. बरं वाटून.

मग वारा पडला आणि टेकडीवरून बारीक रडणं आलं. कोकरू असेल. पण तिच्या छातीत कळ आली, झगा दोन्हीकडून भिजला, दूध जमिनीवर ठिबकायला लागलं. मांडीवरचं बाळ तर पोट भरून निजलेलं.

ती उठायला गेली. निजलेल्या बाळाच्या मुठीने तिचा झगा घट्ट धरला होता. सुटेना.

वर रडणं एकदम थांबलं. कुणीतरी छातीशी घेतल्यावर थांबतं, तसं.