दुसऱ्याच्या हाती

मुलगी गुप्तहेरांकडे आली ती थकूनच. "बाबांनी मला खरंच दूर सारलं का, एवढं शोधून द्या."

तिच्या बाबांनी संगणकावर मराठी लिहायचा कळफलक तयार करून सगळ्यांना मोकळा करून दिला होता. तो सांभाळणारी मंडळी गावोगावची. बाबा गेले, प्रमुख कोण यावर तीन मतदानं बरोबरीत सुटली, आणि मग बाबांच्या ईमेल खात्यात जुन्या तारखेचं पत्र सापडलं: 'कारभार मुलीकडे नको, दुसऱ्याच्या हाती द्या. सर्व्हरवाले योग्य.' खात्याचा पासवर्ड तिघांकडेच: मुलगी, मंडळींचा सर्व्हर सांभाळणारे हे सर्व्हरवाले आणि भाषांतर करणाऱ्या काकू.

"फुकटच्या वस्तूसाठी एवढी हाणामारी?" गुप्तहेरांच्या मेहुण्यांनी कपाळाला हात लावला.

"विकतची टाकून देता येते, मेहुणे," गुप्तहेर म्हणाले.

सर्व्हरवाले जांभई देत बोलले. "हे लोढणं मला कशाला? माझा कळफलक अजून बाबांचाच जुना आहे. बदलायला सवड कुणाला?"

काकू डोळे चोळत होत्या. "कळफलकाची नवी आवृत्ती माझ्या एकटीच्या मशीनवर आहे. चुका शोधतेय. बाकीचे भांडताहेत."

बाबांच्या लॅपटॉपवर गुप्तहेरांनी 'दुसऱ्या' टाइप करून शोधलं. चारशे पत्रं निघाली.

मेहुणे यादीवर वाकले. "अहो, त्या कारभाराच्या पत्रातही हा शब्द आहे की! मग ते इथे कसं नाही?"

गुप्तहेर वळून बघतच राहिले. "मेहुणे, सुटलं की हो!"

दुसऱ्या दिवशी बाबांच्या खोलीत सगळे जमले.

"पूर्वरंग तुम्हाला ठाऊकच आहे," गुप्तहेर म्हणाले. "'ऱ्य' दिसतो एकच, पण संगणकात तो लिहायच्या रीती दोन. जुना कळफलक एका रीतीने लिहितो, नवा दुसऱ्या. डोळा फसतो, शोध फसत नाही. बाबांची पत्रं जुन्या रीतीची. सर्व्हरवाल्यांची आणि मुलीचीही, मी पाहिली. नव्या रीतीचं हे एकच. आणि नवा कळफलक..."

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "तो 'ऱ्य' मीच बदलायला लावला होता. बाळा, मला गादी नको होती गं. सहा महिन्यांत एक चूक दुरुस्त झाली नाही. म्हटलं, कुणीतरी एक ठरू दे."

"म्हणून बाबांच्या तोंडी ते घातलंत?"



मुलीने लॅपटॉप ओढला. आता काकूंची हकालपट्टी, असं मेहुण्यांना वाटलं. तिने मंडळींना लिहिलं: 'ते पत्र बाबांचं नव्हे. चौथं मतदान घेऊ. काकूंच्या दुरुस्त्या मात्र आजच घ्या.'

मग तिने बाबांच्या चारशे पत्रांतलं पहिलं उघडलं. इतके दिवस तिला तो धीर झाला नव्हता.