अकरा सेकंदांची किंकाळी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे खरं आहे.

माझ्या मावसभावाच्या घरात हे आजही चालू आहे. आणि तेही रात्री-बित्री नाही... भर दुपारी, बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी.

भाऊ सिनेमांच्या साउंडचं काम करतो. त्याची धाकटी बहीण बालवाडीत शिकवायची. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे, कारण तिच्या तोंडाला कधी विश्रांती नसायची. एका गोष्टीत ती सात-सात आवाज काढायची. तिच्या वाघाला घाबरून पोरं टेबलाखाली शिरायची आणि परत तोच वाघ मागायची.

त्या वर्षी भावाकडे एक भुताचा सिनेमा आला.

सिनेमा कसला, उष्ट्याचं ताट! केस मोकळे सोडलेली बाई. करकरणारं दार. आरशात मागे कोणीतरी उभं. चार लोकांना आधी दाखवला, तर चौघंही पोट धरून हसले.

दिग्दर्शक भडकला.

"हिरॉईन किंचाळते की शेपटीवर पाय पडलेलं मांजर? मला खरी किंकाळी आण. दोन दिवसांत. नाहीतर पुढच्या सिनेमाला दुसरा माणूस."

भावाला खरी किंकाळी कुठे मिळेल ते माहीत होतं.

लहानपणी लपाछपीत चिमणी कपाटात अडकली होती. कडी बाहेरून यानंच लावली होती आणि खेळायला निघून गेला होता. तेव्हापासून ती बाथरूमचीसुद्धा कडी लावत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तिला स्टुडिओत बोलावलं.

"दोन ओळी बोलायच्यात. पाच मिनिटांत मोकळी."

"दादा, माझं नाव येईल का रे पडद्यावर?"

"येईल की."

ती खुशीत आवाजाच्या खोलीत गेली. माइकसमोर उभी राहिली. काचेतून त्याला हात केला.

त्यानं दिवा घालवला. जाड दाराला बाहेरून कडी लावली. कानाला हेडफोन लावले.

आधी काहीच नाही... नुसता श्वास.

मग हसली. "दादा, पुरे आता."

मग दारावर थाप. "दादा, दार उघड ना..."

मग ती किंकाळी.

आवाज मोजणारा काटा थेट लाल रंगात गेला. आवाज फाटला. असा फाटलेला आवाज सिनेमात वापरता येत नाही.

इथे कुणीही दार उघडलं असतं. यानं बटण फिरवून आवाजाची पातळी खाली घेतली... आणि दुसऱ्या किंकाळीची वाट पाहिली.

दुसरी अगदी स्वच्छ आली. अकरा सेकंद.

आणि त्यानंतर एकदम... काहीच नाही.

दार उघडलं तेव्हा चिमणी जमिनीवर बसली होती. तोंड उघडं. ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. गळा ठणठणीत. बालवाडीची नोकरी गेली. मुकी बाई गोष्ट कशी सांगणार? घरी यानं सांगितलं, वीज गेली आणि ती घाबरली. मावशीनं विश्वास ठेवला.

आणि ती किंकाळी? लावली की सिनेमात. त्याच संध्याकाळी.

तीन महिन्यांनी सिनेमा लागला. पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला भाऊ शेवटच्या रांगेत बसला. पडद्यावर दार करकरलं. लोक हसले. आरशात ती बाई आली. कोणीतरी ओरडलं, "बाई, आधी केस विंचरा!"

मग चिमणीची किंकाळी आली...

अख्खं थिएटर खदखदून हसलं. एकानं तिची नक्कल केली. एक लहान मूल खिदळायचं थांबेना. शेजारच्यानं भावाच्या मांडीवर थाप मारली, "काय भंगार किंचाळतेय राव!"

आपलं काम आहे हे ओळखू येऊ नये, म्हणून भाऊही हसला. मोठ्यानं हसला.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. ती रडत होती.

"अरे, चिमणीचा आवाज आला! आत्ता, दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी अंगणात होते, आतून आवाज आला. घरी ये आधी!"

तो धावत सुटला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला होता.

चिमणी खोलीत बसली होती. दार सताड उघडं. त्याला पाहून तिनं तोंड उघडलं.

तिच्या तोंडून हसणं आलं.

एका माणसाचं नाही... भरलेल्या थिएटरचं. त्यात ते मूल खिदळत होतं. कोणीतरी किंकाळीची नक्कल करत होतं. चिमणीचे ओठ हलत नव्हते. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

आणि सगळ्यांत जवळचं, सगळ्यांत मोठं हसणं भावानं लगेच ओळखलं. ते त्याचं स्वतःचं होतं.

अकरा सेकंद. मग शांत.

सिनेमा तीन दिवसांत उतरला. हसणं उतरलं नाही. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी ते येतं. भाऊ रोज तिच्यासमोर बसून ऐकतो. उठायला गेला की ती त्याचं मनगट धरते. हे सगळं त्यानंच मला सांगितलं. मावशीला अजून खरं माहीत नाही.

तो म्हणतो, आता त्यात रोज नवी माणसं ऐकू येतात. दुसऱ्या थिएटरांतली असावीत.

मावशी मला सारखी बोलावते. मी सकाळी जातो, चहा घेतो आणि एकच्या आत निघतो. चिमणी दारापर्यंत येते. माझ्याकडे बघत राहते.

तो सिनेमा मीही पाहिलाय. मित्रांबरोबर, दुसऱ्या दिवशी.

आम्ही खूप हसलो होतो.