खिंडीतला पाचवा

मार्गासनीला एसटी थांबली तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते, तरी खोऱ्यातलं धुकं जागचं हललं नव्हतं. लीला साळवे पिशवी सांभाळत उतरली. साल एकोणसत्तर, मार्गशीर्ष महिना. लीला किकवीची, पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. भोरची एक तालीम अधूनमधून लांब पल्ल्याची शर्यत भरवायची. भोरहून निघायचं, डोंगर तुडवत खिंड चढायची आणि पलीकडे पालीला उतरायचं. अठरा मैलांची ती धाव रविवारी होती. धावता धावता माणूस कोसळला तर डॉक्टर गाठेपर्यंत त्याला कसं सांभाळायचं, ते शिकायला लीला एक दिवस आधीच आली होती.

शिकवणार होते सर्जेराव. लष्कराच्या इस्पितळात वीस वर्षं काढून गावी परतलेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत. बोलणं बेताचं. पण पट्टी बांधायला बसले की हात असे चालत, की नुसत्या बघणाऱ्याचंही दुखणं थांबावं.

"आज खोटं पेशंट, उद्या खरं," खिंडीच्या पालीकडच्या पायथ्याशी ते म्हणाले. "पालीची चार मानसं वर पडून हायती. काय झालंय त्याची चिठ्ठी गळ्यात आसंल. हुडकायचं, बांधायचं आन माज्याकडं खाली लावून द्यायचं. शिट्टी वाजली की तू बी परत ये."

लीलाला गंमत वाटली. पहिला सापडला भिमा. 'पाय मोडला' अशी चिठ्ठी गळ्यात अडकवून तो तंबाखू मळत बसला होता. तिनं फळ्या लावून पाय आवळला तसा म्हणाला, "बाई, आता खरंच चालता येईना," आणि लंगडी घालत उतरला. दुसऱ्याचं डोकं फुटलं होतं, तिसऱ्याला भोवळ आली होती, चौथ्याला धाप लागली होती. बांधलेलं हवालदारांना दाखवायला एकेक जण हसत वाटेला लागला.

चौथा वळणाआड गेला आणि खिंड एकदम गप्प झाली. दुपारचं ऊन कातळावर होतं, वारा पडला होता. लीला सामान आवरू लागली, तेवढ्यात तिला वास आला. भिजलेल्या घोंगडीचा. दोन महिन्यांत त्या डोंगरात पावसाचा थेंब नव्हता.

करवंदीच्या जाळीमागं एक माणूस कुशीवर पडला होता. साठीचा असेल. अंगात बंडी, डोक्याला फडकं, गुडघे पोटाशी घेतलेले. गळ्यात चिठ्ठी नव्हती.

"बाबा, चिठ्ठी कुठाय तुमची?"

"मला न्हाई दिली."

"मग काय झालंय म्हणायचं?"

"गारठलोय..."

लीलाला हसू आलं. हवालदारांनी मुद्दाम पाचवा लपवला असणार. तिनं खाली बसून त्याचं मनगट धरलं. उन्हात पडलेल्या माणसाचा हात, पण विहिरीतल्या दगडासारखा गार. नाडी लागेना. बोटं सरकवून पाहिली, दुसरा हात पाहिला. आपल्यालाच अजून जमत नाही, असं वाटून ती मनात ओशाळली. तो मात्र तिच्याकडे बघत होता. पापणी हलत नव्हती.

खालून शिट्टी वाजली.

"माझ्याजवळचं पांघरूण संपलंय, बाबा. इथंच थांबा. मी स्ट्रेचर घेऊन येते."

"आदीचे बी असंच म्हनाले व्हते," तो म्हणाला. "थांबलोय की मग."

पायथ्याच्या उंबराखाली सर्जेराव चौघांच्या पट्ट्या तपासत होते. लीला धापा टाकत पोचली. "काका, पाचव्याला स्ट्रेचर लागेल. चांगला वठवतोय हं."

"पाचवा कोन?" भिमा हसला. "आमी चारच व्हतो."

सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी चौघांना गावाकडे लावून दिलं. ते दिसेनासे झाल्यावर हळूच विचारलं, "करवंदीच्या मागं?"

"हो."

"त्याला काय सांगितलंस?"

"थांबा म्हटलं. येते म्हटलं."

सर्जेराव उंबराच्या मुळावर बसले. बराच वेळ बोटांनी शिट्टीची दोरी गुंडाळत राहिले.

"चार वर्सामागं शर्यत झाली," ते म्हणाले, "तवा म्या एकलाच व्हतो वर. आवकाळी पाऊस झालेला. कोंडिबा म्हून एक म्हातारा, शर्यतीतला न्हवं, लेकीकडं भोरला निघालेला. हुडहुडी भरून बसला व्हता जाळीमागं. त्याला बघतोय तंवर एका गड्याचा पाय मोडला. स्ट्रेचर एकच. म्हनलं, थांबा, आलोच... खाली आलो तर गर्दी, गुलाल. दिवेलागनीला आठवलं. कंदील घिऊन पळालो." ते थांबले. "व्हता तितंच. डोळं उघडं ठिवून. वाटंकडं तोंड करून."

"हे कुणाला माहीत आहे?"

"न्हाई. लोकांस्नी वाटलं, म्हातारा वाटंतच गेला. म्याबी तसंच वाटू दिलं."

दोघं वर गेले. जाळीमागं कुणी नव्हतं. माणसाच्या अंगाएवढं गवत दबलेलं होतं आणि ओलं होतं. सर्जेरावांनी त्याला हात लावला नाही.

रविवारी खिंडीच्या खाली, पालीच्या अंगाला, दोघं स्ट्रेचर आणि मीठ-साखरेच्या पाण्याची कळशी घेऊन उभे होते. दहाच्या सुमाराला पहिला गडी धडपडत उतरला, मग रांग लागली. लीलाला मान वर करायला फुरसत नव्हती. कुणाच्या पोटऱ्यांत गोळे, कुणाला ओकारी, एकाला तर चक्क घेरी आली. त्याला सावलीत उताणा निजवून ती पाय उंच करत होती, तेव्हा मागून येणारा धावक म्हणाला, "बाई, वर जाळीमागं एक म्हातारा पडलाय. बाई आल्या का म्हून इचारतोय."

तिनं सर्जेरावांकडे पाहिलं. ते पट्टी बांधत राहिले, पण गाठ दोनदा सुटली.

तासाभरानं आणखी एकानं तेच सांगितलं. तिसऱ्यानं सांगितलं तेव्हा म्हातारा जाळीमागून निघून वाटेच्या कडेला येऊन बसला होता.

"काका, मी जाऊन येते."

"न्हाई. ह्यास्नी टाकून त्याच्याकडं न्हाई जायाचं. शेवटला गडी उतरू दे. मग दोघं जाऊ... ह्या बारीला त्याला आनू."

शेवटचा गडी उतरला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. दोघं वर चढले. वाटेच्या कडेला कुणी नव्हतं. फक्त तो वास होता. सर्जेरावांनी तिथं स्ट्रेचर ठेवलं, खांद्यावरची आपली घोंगडी त्यावर अंथरली, आणि घटकाभर हात जोडून उभे राहिले.

"आलो, कोंडिबा. लई उशीर झाला."

मग त्यांनी घोंगडीच्या कडा दोन्ही बाजूंनी खोचल्या. कुणाच्या तरी अंगाखाली खोचाव्यात, तशा.

"उचल, पोरी. तू म्होरं हो. मागं बघू नगंस."

पहिल्या वळणापर्यंत स्ट्रेचर रिकामंच होतं. दुसऱ्या वळणाला लीलाच्या खांद्यांना ओढ लागली. तिसऱ्याला दांड्या तळहातात रुतू लागल्या. वॉर्डात तिनं कितीतरी माणसं उचलली होती. माणसाचं वजन हाताला कसं लागतं, ते तिला सांगावं लागणार नव्हतं. मागून सर्जेरावांचा आवाज येत होता, अगदी हलका, तान्ह्याला समजवावं तसा.

"आलंच हां... आलंच आता..."

पालीच्या शाळेच्या पडवीत दमलेले गडी ओळीनं निजले होते. दोघांनी ओळीच्या शेवटी स्ट्रेचर टेकवलं. आता मात्र लीलानं पाहिलं. घोंगडी सपाट होती. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. फक्त चार पायांवर उभ्या त्या स्ट्रेचरचं कापड मधोमध खोल झुकलं होतं.

सर्जेरावांनी टोपी काढली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "सुटलो," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. लीलालाही वाटलं, संपलं.

भोरचे डॉक्टर एकेकाला तपासत ओळीनं येत होते. खिंडीतलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दिवसभर राबून डोळे तांबारलेले. ते स्ट्रेचरपाशी आले. हे रिकामं आहे, असं लीला सांगणार, तोवर ते खाली बसलेही. घोंगडीखाली हात घातला, दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट. पुरतं एक मिनिट.

"घाबरण्यासारखं काही नाही, सिस्टर," ते उठताना म्हणाले. "हात गार आहेत, पण नाडी छान लागतेय. रात्रभर ऊब द्या. सकाळी चालायला लागतील."

आणि ते हात पुसत आत गेले.

सर्जेरावांनी डोळे उघडले. स्ट्रेचरच्या कापडातला तो खळगा हळूहळू सरकू लागला होता, निजलेला माणूस कुशीवर वळावा तसा. लीला उभी होती, त्या बाजूला.