एमिलचे पदक

परभूमी गिळून त्या कृत्याची पदके पाडणारी राजवट लयाला जाते; पदके मात्र उरतात, आणि ज्याने ती छातीवर कधी लावली नाहीत त्याच्याही नावाला डाग लावू शकतात.

१९४६चा सप्टेंबर होता. युद्ध हरलेल्या जर्मनीत तिथल्या जर्मन रहिवाशांना आगगाड्या भरभरून धाडले जात होते. बोहेमियाच्या सीमेवरील गावात विधवा ओटिलीबाईंच्या कपाटात असेच एक जर्मन पदक सापडले. त्यांचा भाऊ मातौश खाजगी गुप्तहेर होलान यांच्याकडे धावला.

"मेहुणा एमिल जर्मन होता, पण असलंच पदक नाकारलं म्हणून तुरुंगात मेला. त्याच्या पुण्याईवर ताईला, जर्मनाची बायको असूनही, इथं राहायची सूट मिळाली. आता तिला जर्मनीच्या गाडीत बसवणार! हे त्या कुलूपवाल्या ह्रोमाड्काचंच काम."

होलान यांनी पदक न्याहाळले. खोबणीत वाळलेले शेवाळ होते. फीत मात्र कोरी, राखाडी लोकरीने टाचलेली.

विचारताच ह्रोमाड्का भडकला. "मी ठेवलं? बाईंनीच बोलावलं, कपाटाचं कुलूप अडकतंय म्हणून. किल्ली तर लोण्यासारखी फिरली! दार उघडतो, तर समोर हे. युद्ध संपल्यावर अर्ध्या गावानं ही पदकं गिरणीच्या तळ्यात फेकली. यंदा तळं आटलंय. हवी तेवढी वेचा."

"हाच चोर," होलान यांचे सोबती डॉक्टर शेबेक कुजबुजले.

गावभर प्लमच्या मुरंब्याच्या कढया रटरटत होत्या. ओटिलीबाईंच्या अंगणात मात्र फळे सडत होती. त्या राखाडी लोकरीचे चिमुकले मोजे विणत होत्या.

"यंदा मुरंबा नाही, काकू?" शेबेकांनी विचारले.

"कंबर धरलीय हो," म्हणत त्यांनी भरलेली बादली सहज उचलली.

"मोजे कुणाला?" होलान म्हणाले.

"नातवंडांना. हेडविका, माझी मुलगी, जर्मन नवऱ्याबरोबर गेली ना गाडीतून, मुलांना घेऊन."

होलान यांनी मातौशलाही तिथे बोलावले.

"पदक तळ्यातलं आहे, शेवाळ सांगतं. फीत या लोकरीनं टाचली आहे. धड कुलूप दाखवायला साक्षीदार बोलावला. आणि हिवाळ्यात जी इथं नसणार, ती मुरंबा कशाला घालील?"

"ताई, तू?"

"लेकीकडं जायचंय रे, पण तुझ्यापुढं तोंड कसं उघडू? त्या सवलतीसाठी तू उंबरे झिजवलेस."

"आणि एमिलच्या नावाचं काय?"

बाईंचे विणकाम थांबले. "तेवढंच रात्रंदिवस खातंय रे."

"जायला कलंक ओढवून घ्यावा लागत नाही, बाई, नुसती विनंती पुरते," होलान म्हणाले. "एमिल निष्कलंक आहे, हे मी आज चौकीत सांगतो."

मातौशने टोपली उचलली. "झाडावर अजून पुष्कळ आहेत. मुलांना मुरंबा नको का? डॉक्टर, शिडी धरा. चोर धरताना आपण दोघंही चुकलो, निदान ती तरी नीट धरा!"

जाणारीची वाट सुखाची होवो, आणि मागे राहणाऱ्याच्या घरी ऊब नांदो.